घरधन्याचं नाव

शाईत बुडवलेला अंगठा कागदावर टेकवणार, तोच सरकारी साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं आणि गोदाबाईचा हात जागच्या जागी थांबला.

"ते कोनी घेते का, साहेब?"

मागच्या बाया पदराआड हसल्या. अकोल्याच्या त्या जिनात सरकी काढायच्या रेच्यावर कपास टाकणाऱ्या या बाया मालकाशी भांडायला वाघिणी. पण घरधन्याचं नाव म्हटलं की साऱ्यांची दातखीळ बसायची. मालकाला करारावर त्यांनीच तर आणला होता. तान्ह्या पोरांसाठी वेगळी छपरी आणि मधल्या वेळात पाजायची सुट्टी. तोवर पोरं रेच्याशेजारी उडत्या कापसात निजायची, जिभेवर अफूचा कण ठेवून. त्यांच्यातल्या जमुनाची पोर तर नुकती कुठे बसायला लागली होती.

गोदाबाईनं फाटकावरच्या नत्थुजी मुकादमाला हाक मारली. त्याला साऱ्यांचे नवरे ठाऊक. साहेब म्हणाले, प्रत्येकीनं आपल्या तोंडानं सांगायचं, मालकाचा माणूस जवळ नको, कायदा तसा आहे.

"मालकाचा कायचा? आमच्या भातकुलीचाच हाये तो."

साहेबांना अमरावतीची गाडी गाठायची होती. त्यांनी कागद पुढे ओढला. नत्थुजी नावं सांगत गेला, बाया अंगठे देत गेल्या. गोदाबाईनं त्या दिवशी गूळ वाटला. मोठी फुशारली होती बिचारी!

पुढे कोर्टात मालकाच्या वकिलानं नेमकं तेच धरलं. मुकादम टेबलाशी उभा, म्हणजे बायांची संमती मोकळी नव्हती. नत्थुजीला विचारलं, तर तो हो म्हणाला. खोटं कसं बोलणार? करार रद्द झाला. छपरीचे बांबू आले तसे परत गेले.

माघात जमुनाची पोर अफूच्या गुंगीत निजली, ती उठलीच नाही.

जमुनानं कुणाला बोल लावला नाही. त्यानंच गोदाबाईचा जीव तुटायचा. घास हातात घेतला की तो उभा नत्थुजी डोळ्यांपुढे यायचा. मेली, एक नाव तर घ्यायचं होतं, असं ती स्वतःलाच म्हणायची.

पुढच्या कार्तिकात जीन सुरू झालं, बायांनी मालकाला पुन्हा करारावर आणलं आणि साहेब परत आले. या वेळी फाटक लावून घेतलं. करार मोठ्यानं वाचला, समजावला. मग नवऱ्याचं नाव विचारलं. गोदाबाई पुढे झाली, तोंड उघडलं, पण नाव निघेना. नवरा जाऊन किती वर्षं झाली, तरी निघेना.

तिच्या बाजूनं जमुना पुढे आली.

"लिवा. शेषराव."

कुणी हसलं नाही. जमुनानं अंगठा दिला, पदराला पुसला आणि जाता जाता गोदाबाईजवळ क्षणभर थांबली.

"येवढंच होतं, मावशी."

"हं, बाई," साहेबांनी गोदाबाईकडे पाहिलं. "तुमच्या नवऱ्याचं नाव?"