डालग्याखालची पिल्लं

नाक मुरडू नका, मित्रांनो. माझ्या अंगाला लेंड्यांचा वास येतो, ठाऊक आहे मला. जन्मभर ज्यांना पोटाखाली घेतलं त्यांचाच वास येणार, अत्तराचा कुठून येईल? मी एक म्हातारं डालगं आहे. कोंबड्या झाकायचं नव्हे बरं का, कोकरं डालायचं! कमरेएवढं उंच, निरगुडीच्या फोकांचं. उपडं घातलं की आत सहा-सात कोकरं आरामात मावतात.

मला कोंडीबाने विणलं. मोहोळच्या आठवडी बाजारात एका कडेला बसून तो विणायचा आणि तोंडाने सारखं बजावायचा, "फट ठेवायची, पर तोंड जाईल येवडी न्हाय." वारा आत यावा आणि कुत्र्याचं तोंड बाहेर राहावं, एवढंच त्याचं शास्त्र. पण त्यात मी कधी कमी पडलो नाही. त्याच बाजारातून धुळाप्पाने मला उचललं आणि डोक्यावर पालथं घालून माळावर नेलं.

धुळाप्पा म्हणजे मेंढरं राखणारा धनगर. तो आणि त्याची बायको बजाबाई, दोघं मिळून साठ-सत्तर मेंढरं घेऊन माळावर तळ टाकून राहतात. सकाळी मेंढ्या चरायला निघतात. आठ-दहा दिवसांच्या कोकरांना तेवढी पायपीट झेपत नाही. मग त्यांना माझ्याखाली ठेवायचं आणि माझ्या डोक्यावर दगड. दगड नसला तर मी म्हणजे नुसती टोपली! वाऱ्यानेसुद्धा कलंडेन. पण दगड असला तर माझ्याशी गाठ आहे. सहा वर्षांत माझ्याखालचं एक कोकरू गेलं नाही. बजाबाई आल्या-गेल्याला सांगायची, "आमचं डालगं लई गुणाचं हाय," आणि मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मी पहिल्यांदा आलो तेव्हा माळ मोठा होता. कुसळी गवत गुडघाभर, त्यात ससे, चिंकारा, आणि कधीतरी लांबवर चालत जाणारा लांडगा. तो त्याच्या वाटेने जायचा, आम्ही आमच्या. मग एका बाजूला वनखात्याने गवत नांगरून झाडांची रोपं लावली आणि भोवती चर खणून तारा ओढल्या. दुसऱ्या बाजूला खडी फोडायचं मशीन आलं. रोपं दुसऱ्या उन्हाळ्यात वाळून गेली, ससे आणि चिंकारा त्याआधीच गेले होते. मधे राहिली एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर धुळाप्पाची मेंढरं, आणि त्याच पट्टीवर लांडगीण. आता सांगा, गाठ पडणार नाही तर काय होणार?

फाल्गुनातली गोष्ट. सकाळीच तळ नव्या जागी हलवला होता आणि माझ्या डोक्यावरचा दगड जुन्या जागी राहिला. नव्या जागी हाताला येईल असा एक धोंडा नव्हता. धुळाप्पाने पाण्याने भरलेला वीस लिटरचा कॅन माझ्या डोक्यावर ठेवला. भरलेला कॅन काही हलका नसतो, माझं काही म्हणणं नव्हतं. माझ्याखाली सहा कोकरं. बजाबाई दळण आणायला वस्तीवर गेली होती.

दुपारी धुळाप्पा मेंढरं सोडून धावतपळत आला. घटाघटा पाणी प्यायला. डोक्यावर ओतून घेतलं. एक लंगडी मेंढी तळावरच होती, तिला पाटीभर पाजलं. कॅन परत माझ्या डोक्यावर ठेवला आणि निघून गेला. अहो, कॅनमध्ये राहिलं होतं तळाशी चार बोटं पाणी! मला कळत होतं. ओरडून सांगायला मला तोंड नाही.

तीनच्या सुमाराला लांडगीण आली. आवाज नाही, गुरगुर नाही. आधी फटीला नाक लावलं. आत कोकरं एकमेकांवर चढून माझ्या कडेला चिकटली. मग तिने माझा काठ दातात धरला आणि ओढला. कॅन डुलला. मी जीव खाऊन जमिनीला धरून राहिलो, पण डालगं धरून धरून किती धरणार? दुसऱ्या हिसड्याला कॅन गडगडला आणि मी उताणा झालो. चार खेपांत तिने चार कोकरं नेली. दोन तरवडाच्या झुडपात शिरली म्हणून वाचली.

ती चारही मादी कोकरं होती, मित्रांनो. मादी कोकरू म्हणजे धनगराचा उद्याचा कळप. धुळाप्पा संध्याकाळी परत आला, त्याने मला बघितलं, कॅन बघितला, आणि कॅन उचलून बाजूला ठेवला. मला वाटलं होतं लाथ घालील. घातली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माग काढत गेला आणि घोंगडीचं गाठोडं घेऊन आला. गाठोडं वळवळत होतं. त्याने मला उपडं केलं आणि गाठोडं माझ्याखाली सोडलं. लांडग्याची तीन पिल्लं! मातकट, मऊ, कान अजून नीट उभे न राहिलेले. या वेळी धुळाप्पाने माझ्या डोक्यावर दोन दगड ठेवले, लांबून शोधून आणलेले. मग कुऱ्हाड मांडीवर घेऊन समोर बसला. पिल्लांसाठी आई येणार आणि आली की तो तिला सोडणार नाही, हे मला लख्ख दिसत होतं.

बजाबाई चुलीपासून उठून आली. "अवो, काय केलंत ह्ये? पिल्लांनी काय खाल्लं तुमचं?"

"त्यांच्या आईनं खाल्लं की. यील ती. येऊ दे."

"लांडगा आपला धाकला भाऊ हाय, म्हनायच्या तुमच्या आई. कळपात त्याला वाटणी दिली न्हाय म्हनून माळावर गेला. वाटणी न्यायला येतो त्यो."

"वाटणी एका कोकराची आसती," धुळाप्पा म्हणाला. "हिनं चार नेली. आता आमी दोघं भाऊ न्हाय."

ऊन चढत गेलं. माझ्या फटींतून ऊन आत उतरत होतं. कोकरं डालतात तेव्हा बजाबाई माझ्यावर ओलं पोतं टाकते, आज ते नव्हतं. पिल्लं आधी कुईकुई करत होती, मग नुसती धापा टाकायला लागली. खरं सांगू? मी आदल्या दिवशीचा राग धरून बसलो होतो. माझं सहा वर्षांचं नाव तिने मातीत घातलं होतं. मरा म्हटलं! पण धाकटं पिल्लू माझ्या काठाशी येऊन झोपलं, कोकरं झोपतात तसंच. माझा राग तिथेच गळाला. पोटाखाली आलेल्या जिवाचा राग कसा धरायचा, हे मला कोणी शिकवलंच नाही.

दोनशे पावलांवर, हिवराच्या झाडाखाली, लांडगीण उभी होती. पुढे येत नव्हती, मागे जात नव्हती. धुळाप्पानेही तिला बघितलं आणि कुऱ्हाडीचा दांडा घट्ट धरला.

बजाबाई गुपचूप टेकाडावर गेली, तिथे मोबाईलला रेंज येते. तासाभराने मोटारसायकलवरून वैजयंती आली. ती वनखात्यातली वनरक्षक, मूळची कुर्डुवाडीची. बजाबाईनेच बोलावलं हे धुळाप्पाला कळलं, तसा तो आणखीच पेटला.

"कुऱ्हाड खाली ठेवा मामा," वैजयंती म्हणाली.

"तुमच्या लांडग्याला सांगा की आदी!"

"माझा कशाचा? तुमच्याच माळावरचा हाय."

"माळ कुटं ठेवलाय आमचा? तार तुमी मारली. चर तुमी खणला. पलीकडं पाय पडला की शिट्टी वाजवता. आमी कुटं जायाचं, आन् ती तरी कुटं जाणार?"

वैजयंतीने तारेकडे बघितलं आणि मान डोलावली. हे मला आवडलं. मग ती माझ्यापाशी बसली, फटीतून आत बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "मामा, धाकटं निपचित पडलंय. पिल्लू मेलं तर माझ्या हातात काय राहणार न्हाय. तुमाला घेऊन जातील. ही मेंढरं मग कोण राखणार?"

धुळाप्पा हलला नाही. दगडही हलले नाहीत. तिने हात लावला असता तर तो उठला असता कुऱ्हाड घेऊन, हे तिलाही कळत होतं. म्हणून तीही बसून राहिली.

बोलली ती बजाबाई, पण तोंडाने नाही. तळावर एक मेंढी सकाळपासून ओरडत होती. तिचं कोकरू गेलं होतं आणि कास दुधाने तटतटली होती. बजाबाईने तिला धरलं, वाटीत चार धारा काढल्या, चिंधीची वात केली आणि माझ्या फटीतून आत घातली. वैजयंती हळूच म्हणाली, "थेंब थेंबच सोडा." धाकट्याने आधी तोंड हलवलं नाही. मग जीभ बाहेर आली. मग ते चोखायला लागलं.

धुळाप्पा बघत होता. ज्या मेंढीचं कोकरू खाल्लं, तिचंच दूध. त्याने कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि एकदम रडायला लागला. एवढा मोठा माणूस!

"पाणी मीच प्यालो," तो म्हणाला. "कॅन मीच रिकामा केला, न् तसाच ठेवला. तिला काय बोल लावू?"

त्याने स्वतःच्या हाताने दोन्ही दगड उतरवले.

वैजयंती म्हणाली, दिवस मावळायच्या आत पिल्लं जागेवर जायला हवीत. वाट धुळाप्पालाच माहीत होती. त्याने मला सुलटं केलं, पिल्लं आत ठेवली आणि मला खांद्यावर घेतलं. लांडगीण हिवराखालून निघाली, आमच्या बाजूने चालत राहिली, दात दाखवत. ओढ्याच्या काठावर बिळाच्या तोंडाशी धुळाप्पाने मला आडवं ठेवलं आणि तो मागे सरकत गेला, तिच्याकडे पाठ न करता.

मग वाट बघणं आलं. माणसाच्या हाताचा वास लागलेली पिल्लं आई घेईल का, हे वैजयंतीलाही सांगता येत नव्हतं. ती आली. माझ्या ज्या काठावर तिचे दात उमटले होते, तो हुंगला. मी थरथरलो हो! एक पिल्लू मानेला धरून नेलं. दुसरं नेलं. तिसऱ्यापाशी बराच वेळ थांबली. त्याच्या तोंडाला मेंढीच्या दुधाचा वास होता. तिने ते तोंड चाटून साफ केलं आणि त्यालाही उचललं.

त्यानंतर वैजयंतीने गेलेल्या कोकरांचा पंचनामा केला. कोकरांचं हाडूकसुद्धा सापडलं नव्हतं, म्हणून तिने माझ्या काठावर उमटलेले दात मोजून पुरावा म्हणून लिहिले. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव कागदावर चढलं! पुढे ती गावाच्या सभेत उभी राहिली. रोपं वाळलेल्या तुकड्यात परत गवत येऊ द्यावं आणि धनगरांना तिथे पाळीपाळीने चारायला मुभा द्यावी, असं म्हणाली. तुकड्यातला एक भाग उघडला, बाकीच्याचं अजून भांडण चालू आहे. श्रावणात धुळाप्पाला वनखात्याकडून कोकरांसाठी लोखंडी जाळीचा घडीचा वाडा मिळाला. तो कलंडत नाही.

आणि मी? मी छपराच्या कडेला पडून आहे. माझे फोक सुटायला लागलेत. वाईट वाटतं, नाही कसं म्हणू? पण त्या वाड्यात यंदा अकरा कोकरं आहेत, आणि ओढ्याकडे पावसात छोटे पंजे उमटलेले बजाबाईने बघितलेत. तेव्हा माझी काही तक्रार नाही.

एकच सांगणं आहे, मित्रांनो. तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, "लांडगा वाचवा" म्हणून फलक घेऊन या माळावर याल. जरूर या. पण आल्या आल्या लांडगा कुठे दिसेल असं विचारू नका. आधी धुळाप्पापाशी बसा, त्याने दिलेलं पाणी प्या, आणि विचारा, "मामा, कोकरं किती हायती यंदा? सगळी हायती न्हवं?"