धुळाची ओळ, बिराप्पाची झील

धुळाकडं भांडवल म्हणाल तर आवाज, आणि अडचण म्हणाल तर तोच. माणच्या माळावर उभं राहून त्यानं हाक मारली की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरं चरायची थांबत. साताऱ्याच्या कॉलेजात या आवाजावर त्यानं स्नेहसंमेलनात दोन बक्षिसं मारली. तिथल्या एका सरांनी चिठ्ठी लिहून त्याला सांगलीच्या दादासोंच्या नाटक मंडळीत सहा महिन्यांच्या उमेदवारीला धाडलं. हे चौऱ्याहत्तर सालचं. धुळा एसटीतून उतरला तो मनातल्या मनात जिरेटोप घालूनच.

दादासोंनी त्याला जिरेटोप दिला नाही. पुस्तक दिलं.

"विंगेत उभं राहायचं," ते म्हणाले. "मी थांबलो की पुढची ओळ द्यायची. हळू. मला ऐकू आली पाहिजे, पहिल्या रांगेला नाही."

दादासो मंडळीचे मालक आणि नाटकातले किल्लेदारही तेच. त्यांना कमी ऐकू यायचं, ही गोष्ट दादासो सोडून सगळ्या सांगलीला ठाऊक होती. ते भाषण विसरायचेही, पण तसं म्हणायची सोय नव्हती. "मी विसरत नाही, मी थांबतो," असं ते ठणकावून सांगत. या थांबण्यापायी आधीचे तीन प्रॉम्प्टर पळून गेले होते.

धुळाची पहिली कुजबुज बाल्कनीतल्या लोकांनी ऐकली. दादासोंनी त्याचा खरपूस समाचार घेतला. मग गावभागातल्या भाड्याच्या खोलीत तो रोज पहाटे भिंतीकडं तोंड करून कुजबुजायला शिकू लागला. घरमालकीण रंगुबाईंना वाटलं, पोराचा घसा बसलाय. रोज त्यांनी त्याला अडुळशाचा काढा पाजला, आणि खरं सांगायची लाज वाटून धुळानं तो मुकाट्यानं प्यायला.

खरं तर त्याला गावाकडंही सांगता येत नव्हतं. निघताना बापानं, बिराप्पानं, एकच अट घातली होती. "सुगी झाली की मेंढरं घिऊन सांगलीजवळ माधवनगरच्या रानात उतरणार हाय. तवा येतो तुजं नाटक बघाय. दिसलास तर ऱ्हा. न्हाई दिसलास तर काठी घ्यायची आन् माज्यासंगं चालाय लागायचं."

बिराप्पा तसा गाण्याचा वैरी नव्हता. धनगरी ओव्यांच्या फडात तो तीस वर्षं झील धरत आला होता. म्हणजे फडाच्या म्होरक्यानं, अर्जुनानं, पुढं उभं राहून ओळ सोडायची आणि मागून बिराप्पानं तिचं शेपूट पकडून ती वर न्यायची. सोडलेली ओळ झिलीवाचून राहिली तर ती उघडी पडली, असं त्यांच्यात मानतात, आणि बिराप्पानं जन्मात एकही ओळ उघडी पडू दिली नव्हती. पण गाणं वेगळं आणि एकुलत्या पोरानं मेंढरं सोडून शहरात बसणं वेगळं.

एका शुक्रवारी अर्जुना निरोप घेऊन आला. "आयतवारी चारच्या खेळाला येतूय रं आमी. तुजा बा दोन काठ्या घिऊन यायचा हाय. एक त्येची, एक तुजी."

धुळा धावत दादासोंकडं गेला.

"दादासो, या रविवारी मला भालदार करा. बोलत न्हाई, नुसता उभा ऱ्हातो."

"तू भालदार झालास तर पुस्तक कोण धरणार? भाला?"

विषय तिथंच संपला.

रविवारी धुळानं पडद्याच्या फटीतून पाहिलं. तिसऱ्या रांगेत लाल पटका बांधून बिराप्पा बसला होता. गुडघ्यांमध्ये दोन्ही काठ्या उभ्या, शेजारी अर्जुना. पडदा वर गेला आणि बिराप्पा येणाऱ्या प्रत्येक पात्राचं तोंड निरखू लागला. दुसऱ्या अंकात तर एका दासीकडं बोट दाखवून त्यानं अर्जुनाला काहीतरी विचारलं. अर्जुनानं नीट बघून मान हलवली. धुळाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरा अंक आला. गडाला वेढा पडलेला, किल्लेदार तलवार उपसून उभे. "गनिमांनो," दादासो गरजले, "मी एकटा आहे असं समजू नका!"

आणि थांबले.

धुळानं ओळ दिली, अगदी शिकवल्यासारखी हळू. दादासो थांबलेलेच. त्यानं पुन्हा दिली, जरा मोठ्यानं. दादासोंची तलवार हळूहळू खाली येऊ लागली. मागं कुणीतरी खोकलं, कुणीतरी शिट्टी घातली. नाहीतरी आज संध्याकाळी काठी हातात येणारच होती. धुळानं छाती भरून घेतली आणि चार महिन्यांचा काढा बाजूला सारून माळावरचा आवाज लावला.

"माझ्या मागं सह्याद्री उभा हायऽऽ!"

तिसऱ्या रांगेत बिराप्पा ताडकन उठला. आवाज पोराचा होता. ओळ मोकळी सुटली होती. पुढचं त्यानं केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. डावा हात कानावर गेला आणि सगळं थिएटर दणाणलं.

"उभा हायऽऽ गा, उभा हायऽऽऽ!"

अर्जुनानंही साथ दिली. सवयच ती.

दादासोंचा चेहरा उजळला. विंगेतून अर्धीच पोचलेली ओळ समोरून येऊन आदळली होती. "होय!" ते कडाडले, "उभा आहे! माझ्या मागे सह्याद्री उभा आहे!" लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

खेळ संपला तसा बिराप्पा आत आला. दादासो अर्धी मिशी काढून तयारच होते.

"माझ्या नाटकात ओरडायचं कारण?"

"वरडलो न्हाई, झील धरली," बिराप्पा शांतपणे म्हणाला. "पोरानं वळ सोडली. उगडी कशी पडू द्यायची?"

दादासोंनी उरलेली अर्धी मिशी काढली. "पुढच्या रविवारी मोकळे आहात का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकू न आल्यामुळं धुळाकडं वळले. "तू उद्या वेळेवर ये. पुस्तक घेऊन. आणि ते कुजबुजणं बंद."

बापलेक बाहेर आले. धुळानं मान खाली घालून काठीसाठी हात पुढं केला.

"आबा, चला. म्या दिसलो न्हाई."

"न्हाई दिसलास," बिराप्पा म्हणाला. काठी मात्र त्यानं सोडली नाही. "तीस वरसं अर्जुना म्होरं हाय आन् म्या मागं. जत्रंत समदी त्येलाच वळखत्यात. तुजा बा कुटं उभा असतोय, कुणी बघितलंय कवा? तुज्या आयनं बी न्हाई. पर म्या गप बसलो तर अर्जुनाची ओवी थितंच बसती." त्यानं नाक ओढलं. "त्यो मिशीवाला बी बसला हुता. तू उठीवलास."

त्यानं दोन्ही काठ्या एकाच खांद्यावर टाकल्या आणि अर्जुनासोबत माधवनगरच्या रस्त्याला लागला. धुळाला बोलायचं पुष्कळ होतं. ते दोघं वळणावर पोचले तेव्हा कुठं त्याला आवाज सापडला.

"आबाऽऽ, जपून जावाऽऽ!"

रस्त्यावरची माणसं दचकून थांबली. वळणापलीकडून, दिसत नसलेल्या बिराप्पानं ती ओळ तेवढ्याच जोरात उचलली.

"जावाऽऽ गा, जपून जावाऽऽऽ!"