मिठाच्या नगराचं शेवटचं पान

"तुम्ही तिझिरीला तिच्या सख्ख्या भावाच्या हातून का मारलंत?"

गाफ्सा शहरातल्या सांस्कृतिक भवनात, भरल्या सभेत हा प्रश्न आला आणि मागच्या रांगेतल्या दोन मुलींनी तोंडावर हात दाबले. त्याच दोघींनी, एमनाने आणि विदादने, आदल्या दिवशी वसतिगृहात पैज लावली होती. "हिंमत असेल तर लेखिकेला तोंडावर विचार. नाही विचारलंस तर महिनाभर आमच्या चादरी तू अंथरायच्या." आणि शीराझने विचारलं. ही तीच शीराझ, जी पूर्वी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटून द्यायची.

मित्रांनो, मला हे ठाऊक आहे कारण तेव्हा मी तिच्या काखेत होते. मी एक जुनी प्रत आहे, 'मिठाचं नगर' या पुस्तकाची. अद्भुत कथांची एक लांबलचक मालिका निघणार होती, तिचा हा पहिला भाग. शीराझच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तोंडपाठ होतं, पण पुस्तकाला तोंड कुठे असतं? आज मात्र मी बोलणार आहे, आणि भरपूर बोलणार आहे.

माझा जन्म स्फाक्समधल्या एका छापखान्यात झाला. माझ्या अंगाला ओल्या शाईचा असा काही वास यायचा की बांधणी करणारा माणूससुद्धा मला नाकाजवळ नेऊन मगच गठ्ठ्यात ठेवायचा. मला गडद निळं वेष्टन होतं आणि त्यावर पांढरंशुभ्र खारं सरोवर. मला लिहिलं नाजिया तर्खानी यांनी. त्या स्फाक्सच्या शाळेत शिकवतात, पण मूळच्या तोझरच्या. ज्या दिवशी आम्ही छापून आलो त्याच दिवशी त्या आम्हा दोन प्रती घेऊन माहेरी निघाल्या. एक प्रत आईला. ती आईने काचेच्या कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप लावलं, कारण चांगल्या वस्तूंना हात लावायचा नसतो. दुसरी मी. गाफ्सा ते तोझर ज्यांच्या लुआजमधून त्या आल्या, त्या मोन्सेफकाकांच्या हातात त्यांनी मला ठेवलं.

"काका, गाडी भरेपर्यंत लोक कंटाळतात ना? त्यांना हे द्या."

लुआज म्हणजे आठ जागा भरल्याशिवाय न हलणारी गाडी. सात जण घामाने निथळत बसलेले असतात आणि आठवा कुठेतरी निवांत कॉफी पीत असतो. त्या वेळात माणसं मला वाचायची. आणि आठवा आला की मोन्सेफकाका मला मिटून पुढे काचेशी ठेवायचे, कारण चालत्या गाडीत वाचलं की लोकांना मळमळतं आणि गाडी त्यांना धुवावी लागते. त्यामुळे मला सलग असं कोणीच वाचलं नाही. कोणी सुरुवात वाचली, कोणी मधलं, शेवटापर्यंत तर तेव्हा कोणीच पोचलं नाही. आणि तरीही मतं मात्र प्रत्येकाला होती, आणि ती ठाम होती.

"भाषा गोड आहे बाईची," इस्पितळातल्या एक परिचारिका म्हणायच्या, "पण नकाशा द्यायला नको का? गाडी सुटून वाटेतलं मेतलावी गाव आलं तरी मी त्या नगरातच हरवलेले असते."

खजुराचे व्यापारी हाज बूबेकर यांची तक्रार निराळीच. "एवढी पानं झाली, पण अजून कोणी जेवलेलं नाही. ही माणसं खातात तरी काय?"

"मीठ," कोणीतरी मागून म्हणालं.

मोन्सेफकाका स्वतः मला रोज थोडं थोडं वाचायचे आणि कित्येक महिने मध्यावरच होते. "शेवट सांगायचा नाही," असा त्यांचा दम होता. "जो सांगेल तो चालत तोझरला जाईल."

ते माझे सुखाचे दिवस. एका माणसाने तर मला काकांकडून मागून घेतलं, दुसऱ्याला जागा दिली आणि स्वतः मागच्या गाडीने यायचं ठरवलं, का तर प्रकरण संपत आलं होतं. सांगा, कुठल्या पुस्तकाची छाती फुगणार नाही?

पण गाडीतलं आयुष्य सोपं नसतं. उन्हाने माझ्या पाठीचा डिंक वितळला. कोणी मला पंखा केलं, कोणी पोराच्या डोळ्यांवर छप्पर केलं. एका बाईने माझ्यावर चहाचा पेला ठेवला, त्याचं गोल वर्तुळ अजून माझ्या सरोवरात आहे. हे सगळं मी हसत सोसलं. एक मात्र हसण्यासारखं नव्हतं.

स्टँडवर बशीर नावाचे एक गृहस्थ भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया विकतात, कागदाच्या पुड्यांत बांधून. एका शुक्रवारी गिऱ्हाईक उभं आणि कागद संपलेला. लुआजचं दार उघडं होतं. पुस्तकाच्या शेवटी जाहिरातींची पानं असतात, हे बशीरना माहीत होतं. त्यांनी मागची पानं फाडली. जाहिरातीचं पान गेलं, त्याचं मला काही नाही. पण त्याला चिकटून माझं शेवटचं पानही गेलं. त्यात गरम बिया भरल्या गेल्या. सुट्टीवर निघालेल्या एका सैनिकाने बिया खाल्ल्या, कागद चुरगळला आणि खिडकीबाहेर फेकला. माझं सगळं रहस्य वाळूत उडून गेलं.

तुम्ही म्हणाल, पान फाटलेलं कोणाला कसं कळलं नाही? कारण उरलेल्या शेवटच्या पानाच्या तळाशी वाक्य पूर्ण होत होतं. कारण पाठीचा डिंक आधीच सुटलेला होता. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मी मालिकेचा पहिला भाग. पहिल्या भागाचा शेवट अधांतरीच असणार, असं सगळेच धरून चालतात.

आता गोष्ट ऐका. तिझिरी आपल्या आईचा हरवलेला आवाज शोधायला खाऱ्या सरोवराच्या खाली उतरते. वर दारापाशी तिचा भाऊ अन्झार उभा असतो. सूर्य उगवायच्या आत ते दार लागलं नाही तर वरचं गाव मिठात बुडणार असतं. सूर्य उगवायला येतो. तिझिरी अजून खालीच असते. माझं आता उरलेलं शेवटचं वाक्य असं आहे: 'आणि दार बंद झालं.'

झालं. तोझर पेटलं.

"नालायक," हाज बूबेकर म्हणाले. "असल्या भावाला मी माझ्या वखारीत उभा करणार नाही."

"आणि बाई आपल्याच गावची," परिचारिका हळहळल्या. "आपल्या गावच्या बाईने असं लिहावं? भावाने बहिणीला गाडून टाकावं?"

गावाच्या मोबाइलवरच्या गटात हेच, बाजारात हेच, हमामच्या न्हाणीघरात हेच. ज्यांनी माझं एक पानही वाचलं नव्हतं त्यांनीसुद्धा अन्झारला शिव्या घातल्या. मी काचेशी पडल्या पडल्या मनात ओरडायचे: अहो, अजून एक पान आहे. पण लोक मला उचलायचेच कमी झाले. पुढे पुढे तर खिडकी खडखडायची, तिच्या फटीत खोचायला माझा उपयोग होऊ लागला.

तिथून मला लल्ला मबरूका नावाच्या आजींनी ओढून काढलं. त्या दर रविवारी गाफ्साला मुलीकडे जायच्या. शेजारी शीराझ बसलेली, गाफ्साच्या वसतिगृहात परतणारी, गुडघ्यावर दप्तर आणि मान खाली.

"वाच गं पोरी. माझा चष्मा घरी राहिला."

लल्ला मबरूका यांच्याकडे चष्मा नाही आणि त्यांना वाचताही येत नाही, हे अख्ख्या स्टँडला माहीत आहे. शीराझने ओठातल्या ओठात सुरुवात केली.

"कुणाला वाचून दाखवतेयस, माशीला? मला ऐकू आलं पाहिजे."

शीराझने आवाज थोडा चढवला. मागून एकजण म्हणाला, "आम्हालाही येऊ दे की." तिने अजून चढवला. त्या दिवशी आठवा प्रवासी फार उशिरा आला आणि तो आला तेव्हा कोणालाच आनंद झाला नाही. मग दर रविवार तसाच. मित्रांनो, तुम्हाला खरं सांगते, एखादा आवाज वाढताना मी पाहिला आहे. खजुराच्या झाडाला पाणी मिळालं की ते जसं अंग धरतं, तसा तो वाढला. हिवाळा सरता सरता शीराझ राक्षसाचा आवाज काढत होती, राणीचा काढत होती, आणि हाज बूबेकर मध्ये बोलले की त्यांना "हाज, थांबा जरा" असंही म्हणत होती.

मग ते वाक्य आलं. 'आणि दार बंद झालं.'

"पुढे वाच," लल्ला मबरूका म्हणाल्या.

"संपलं, लल्ला."

"नाही संपलं. ज्या पोराने स्वतः तहानेलं राहून बहिणीसाठी पाणी राखलं, तो दार लावून घरी जाईल का? पुढे वाच."

"पुढे नाहीये काही. दुसरा भाग यायचाय."

"मग कधी येणार तो?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. बरीच वर्षं झाली होती आणि दुसरा भाग आला नव्हता. म्हणूनच, लेखिका गाफ्सात येणार असं कळल्यावर शीराझने मला मोन्सेफकाकांकडून मागून घेतलं. ती भयंकर चिडलेली होती. वसतिगृहात तिने एमना आणि विदादचं डोकं इतकं खाल्लं की शेवटी त्या दोघींनी ती पैज लावली.

आणि अशी ती सभेत उभी राहिली.

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मग आणखी काहीजण. कोट घातलेले एक गृहस्थ वळून म्हणाले, "पोरी, आधी पुस्तक पूर्ण वाच, मग भांडायला ये."

शीराझने मला छातीशी धरलं. मला वाटलं, आता ही बसणार. आणि एकदा बसली की पुन्हा कधी उठायची नाही. इतक्या रविवारी मिळवलेला तो आवाज इथेच मिटणार.

ती बसली नाही. "मी पूर्ण वाचलंय," ती म्हणाली. "दोनदा, आणि तेही मोठ्याने. यात एवढंच आहे."

"इकडे आण बघू," नाजियाबाई म्हणाल्या.

त्यांनी मला हातात घेतलं. किती वर्षांनी तो हात. त्यांनी चहाचं वर्तुळ पाहिलं, डिंक सुटलेली पाठ पाहिली, मग शेवटच्या पानामागे बोट फिरवलं. तिथे फाटलेल्या कागदाची बारीकशी कड उरली होती. त्यांचं बोट तिथेच थांबलं.

"ही प्रत कोणी कोणी वाचली?"

"तोझरमधल्या सगळ्यांनी," शीराझ म्हणाली. "मोन्सेफकाकांच्या गाडीतली आहे. दुसरी आहे कुठे?"

नाजियाबाई खुर्चीत मागे टेकल्या. हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. त्यांनी स्वतःची प्रत उघडली आणि माझं हरवलेलं पान वाचून दाखवलं. दार बंद होतं. काळोख होतो. तिझिरी ओरडते, कोणी ओ देत नाही. मग काळोखातून एक कोरडा, ओळखीचा हात तिच्या हातात येतो. 'हे दार आतूनच लागतं,' अन्झार म्हणतो. 'मला पहिल्यापासून माहीत होतं.'

मागच्या रांगेतून विदादचं नाक ओढणं ऐकू आलं.

"माझ्या दुसऱ्या भागाची पानं खणात बंद आहेत," नाजियाबाई म्हणाल्या. त्या आता सभेशी बोलत नव्हत्या, एकट्या शीराझशी बोलत होत्या. "गावाकडून सारखं तेच ऐकत राहिले. भावाने मारलं, भावाने मारलं. मला वाटलं, माझ्याच माणसांना तो हात दिसत नसेल तर मी लिहिलंच वाईट. मग पुढचं कोणासाठी लिहू?"

"आता लिहा की."

"आणि गावाची मतं? ती आता कोण बदलणार? मी आईकडे गेले तरी मला पाहून शेजारी दार लावून घेतात."

शीराझने त्यांच्या प्रतीवरून ते पान सुबक अक्षरात उतरवून घेतलं आणि त्याच संध्याकाळी वसतिगृहात माझ्या पोटाशी चिकटवलं. पाठीला नवं कापड लावलं. एमनाने डिंक आणला, विदादने मला रात्रभर जाडजूड शब्दकोशाखाली दाबून ठेवलं. दुखलं थोडं, पण मी पुन्हा अख्खी झाले. माझी बाकीची पानं छापील आहेत आणि शेवटचं एका मुलीच्या हातचं. मला तेच सगळ्यात जास्त आवडतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याकडे एखादं पुस्तक असेल तर त्याला कुलपात ठेवू नका आणि खिडकीतही खोचू नका. त्याचं पान निसटलं असेल तर शोधा, सापडलं नाही तर कोणाकडून तरी उतरवून घ्या. आवडलं नाही तर खुशाल तसं सांगा, आम्हाला राग येत नाही. पण मत देण्याआधी एकदा मागे बोट फिरवून बघा, काही फाटलंय का.

शुक्रवारी शीराझ मला घेऊन घरी आली. रात्री सगळे कुस्कुसच्या थाळीभोवती बसले. तिचे बाबा खजुराच्या कारखान्यातून दमून आलेले, उम्मी, म्हणजे तिची आई, भोपळ्याच्या फोडी सगळ्यांच्या बाजूला सरकवत होत्या. मी शीराझच्या मांडीवर होते. तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, परवापासून दर रविवारी मी दुपारीच स्टँडवर जाणार."

"तू तर संध्याकाळच्या गाडीने जातेस."

"गाडीसाठी नाही. तिथे उभी राहून पुस्तक वाचणार. मोठ्याने. पहिल्या रविवारी शेवटचं पान, मग पुन्हा सुरुवातीपासून."

बाबांचा घास हातातच राहिला. "स्टँडवर? ड्रायव्हर, हमाल, सगळ्या जगासमोर?"

"हो. आणि दुसरा भाग येईपर्यंत वाचणार."

"अगं, पण लोक काय म्हणतील?" उम्मी म्हणाल्या.

"लोक काय म्हणतायत ते मला माहीत आहे, उम्मी," शीराझ म्हणाली. "ते चुकीचं आहे, हेच तर सांगायला मी जाणार आहे."