उडीबहाद्दर : अंक पहिला

मी ‘उडीबहाद्दर’ या चित्रकथेचा पहिला अंक बोलतोय. बोलतोय कसला, भांडतोय. गोड बोलायला मी काही शुभेच्छापत्र नाही.

माझा जन्म स्वस्तातला. कागद रद्दीच्या जातीचा आणि शाई अशी, की वाचणाऱ्याची बोटं निळी व्हायची. छापणाऱ्याने मला गठ्ठ्यात फेकलं, विकणाऱ्याने दोरीवर टांगलं. पण माझ्या पोटात कोण होता? उडीबहाद्दर! तेव्हा त्याला उडता येत नव्हतं, हं. नुसती उडी मारायचा आणि कधीकधी तीही चुकायची. त्याचे शत्रू म्हणजे भाडेकरूंचं पाणी तोडणारा घरमालक, बायकोला मारणारा नवरा, दाराला कुलूप घालून बायकांना कामाला जुंपणारा कारखानदार. पुढच्या अंकांत हा शहाणा अख्खे ग्रह उचलायला लागला आणि घरमालकांना रान मोकळं मिळालं. त्या अंकांचा मला मनस्वी संताप येतो. सख्खी भावंडं असली म्हणून काय झालं?

मला विकत घेतलं एका शिंप्याच्या मुलीनं, खाऊचे पैसे साठवून. टॉवेल गळ्यात बांधून ती पलंगावरून उड्या मारायची. धाकट्या भावाला वाचून दाखवताना कारखान्याला आग लागली, की तिचा आवाज चढायचा. शेवटच्या पानावर मात्र दोघं एकमेकांना बिलगायची.

ती लग्न होऊन गेली. मी भावाकडे राहिलो आणि त्याच्यानंतर त्याच्या मुलाकडे आलो. हे महाशय विमा कंपनीत आहेत, लोकांचं नुकसान मोजतात. यांनी मला जाड प्लॅस्टिकच्या पेटीत घातलं, कडा यंत्राने बंद करून घेतल्या आणि दिवाणखान्यात टांगलं. आलागेला म्हणतो, ‘वा!’ हे म्हणतात, ‘हात लावू नका.’ आणि गंमत ऐका, या गृहस्थानं मला कधी वाचलेलंच नाही! कागद भुरभुरीत झालाय, उघडला तर तुकडे पडतील म्हणे. पडतील की. एका वाचनापुरताच जीव उरलाय माझ्यात, हे मलाही कळतं. पण तो काय भिंतीवर माशा मोजायला?

गेल्या आठवड्यात ती मुलगी आली. आता केस पांढरे झालेत, जीभ मात्र तशीच आहे.

“ते काढ खाली,” ती भाच्याला म्हणाली.

“आत्या, दुरूनच बघ ना.”

“दुरून मला तुझं तोंडसुद्धा दिसत नाही.”

“मग तुला नवी आवृत्ती आणून देतो. मी वाचलीय. आग लागते आणि उडीबहाद्दर सगळ्यांना बाहेर काढतो.”

आत्याचा पारा चढला. “सगळ्यांना? कोण म्हणालं? शेवट बदललाय मेल्यांनी!”

खरंच बदललाय. लोकांना गोड लागावा म्हणून. खरा शेवट माझ्या शेवटच्या पानावर आहे.

आत्या तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि सुरी घेऊन आली.

“अगं, किंमत मातीत जाईल!” भाचा ओरडला.

“गेली,” आत्या म्हणाली आणि तिनं पेटीची कड चिरली. “आता वाच. मला अक्षरं लागत नाहीत.”

तो दातओठ खात वाचू लागला. पान उलटलं की माझी एकेक कड गळायची आणि तो कण्हायचा. घरमालक पाण्याच्या टाकीत पडला तेव्हा मात्र त्याला हसू फुटलं. मग आग लागली. छप्पर वाकलं. उडीबहाद्दरला एका उडीत एकीलाच नेता येत होतं. आत दोघी उरल्या, आणि थोरली म्हणाली, ‘आधी हिला ने.’

इथे माझा कोपरा तुटून त्याच्या हातात आला. तो थांबला.

“आत्या, पुढचं पान नाही टिकायचं. तूच सांग ना, थोरलीचा जीव वाचतो का?”

“मी का सांगू? हिंमत असेल तर उलट.” तिनं पिशवी उचलली आणि ती घरी निघून गेली.

तेव्हापासून मी टेबलावर उघडा पडलोय. तो रोज ऑफिसातून येतो, खुर्ची ओढतो, पानाखाली बोट घालतो आणि काढून घेतो. दिवसभर लोकांची जळकी दुकानं निर्विकारपणे बघणारा हा माणूस एका पानाला घाबरतो!

अरे भित्र्या, माझी कसली काळजी करतोस? माझे तुकडे झाले तर झाले. ती बाई आत उभी आहे, छप्पर खाली येतंय, आणि तू नखं कुरतडत बसलायस. उलट ते पान!