साडेदहाची सिगरेट

उल्हास दाते आणि राजन वानखेडे परदेशात कनाटा नावाच्या गावातल्या एकाच कंपनीत चौदा वर्षं होते, पण त्यांची मैत्री ऑफिसात झाली नव्हती. ती झाली इमारतीच्या मागे, बर्फात. रोज साडेदहाला दोघं कोट चढवून सिगरेट ओढायला बाहेर यायचे. उल्हास पुण्याचा, राजन नागपूरचा. एक सिगरेट संपेपर्यंत मुलींच्या अ‍ॅडमिशनपासून गुडघेदुखीपर्यंत सगळं बोलून व्हायचं.

२०१२च्या जानेवारीत घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना उल्हासला अशी ढास लागली, की तो फावड्यावर रेलून उभाच राहिला. त्याची बायको सुनेत्रा खिडकीतून बघत होती. तो आत आल्यावर तिने नुसतं गरम पाणी पुढे ठेवलं. तेच त्याला जास्त लागलं.

"मी सोडतोय," सोमवारी त्याने राजनला सांगितलं.

"सोड. चांगलंच आहे," राजन म्हणाला. मग सिगरेट पेटवत, "पण साडेदहाला मी कोणासोबत उभा राहू बे?"

 निकोटिनचे पॅच आणि च्युइंगगम दोन्ही उल्हासने आधी करून पाहिले होते, आणि दर वेळी तो राजनशेजारी येऊन पुन्हा सिगरेट मागायचा.

पुढच्या आठवड्यात राजनने दोन खोकी आणली. "इलेक्ट्रॉनिक सिगरेट. इंटरनेटवरून मागवल्या. तू एकटा सोडू शकत नाहीस. दोघं सोडू."

उल्हासने आधी फॅमिली डॉक्टरबाईंना विचारलं. त्या स्पष्ट म्हणाल्या, "सरकारची याला मान्यता नाही, मीही शिफारस करणार नाही. पण घेणारच असाल, तर खरी सिगरेट पूर्ण बंद करा. आणि हेही सोडायची तारीख आजच लिहून ठेवा." त्याने लिहिलं, एक ऑक्टोबर.

पहिल्या दिवशी उणे सव्वीस अंशांच्या थंडीत दोघं ऐटीत उभे राहिले. दोन झुरक्यांत राजनच्या नळीच्या टोकाचा दिवा विझला. मग उल्हासच्या नळीचाही. थंडीने बॅटऱ्या गार पडल्या होत्या. राजनने ती नळी काखेत धरली, तापमापकासारखी. ते बघून उल्हास इतका हसला, की त्याला खोकला आला, आणि खोकतानाही तो हसतच राहिला.

मार्चमध्ये एका सकाळी राजन शेजारी येऊन उभा राहिला आणि उल्हासने मान वळवली.

"तू ओढून आलायस."

"नाही रे."

"खरी सिगरेट. तुझ्या मफलरला वास येतोय!"

राजनचं तोंड उतरलं. "एकच. काल अरुणाशी भांडण झालं, आणि आज सकाळी गाडीत..." त्याला बायकोचं नाव घेतानाही अवघडल्यासारखं झालं. आता हा चिडणार, असं त्याला वाटलं. पण उल्हासने त्याचे दोन्ही खांदे धरले.

"अरे, मला वास आला! इतक्या वर्षांत मला कॉफीचासुद्धा धड वास येत नव्हता!" त्याने मफलर ओढून पुन्हा हुंगला. "काय घाणेरडा वास आहे रे हा!"

राजनलाही हसू फुटलं. त्याने गाडीतलं उरलेलं पाकीट आणून उल्हाससमोरच कचऱ्यात टाकलं.

त्यानंतर दोघं दर दोन महिन्यांनी नळीत भरायचा कमी निकोटिनचा द्रव मागवायला लागले. ऑगस्टमध्ये तर त्यात निकोटिन उरलंच नाही. सप्टेंबरात उल्हास आपली नळी चार दिवस चार्ज करायला विसरला, आणि हे त्याला पाचव्या दिवशी कळलं. राजनला मात्र ऑक्टोबर उजाडेपर्यंत रोज झगडावं लागलं. एक तारखेला त्याने आपली नळी सुनेत्रावहिनींच्या हातात आणून दिली आणि लहान मुलासारखा "झालं!" म्हणाला.

त्याच आठवड्यात रविवारी चौघं जवळच्या गॅटिनोच्या टेकडीवर गेले. मेपलची झाडं लालभडक झाली होती. नवरे बोलत बोलत चढ चढत होते आणि बायका मागे राहिल्या होत्या.

"अहो, जरा थांबा की!" सुनेत्राने हाक मारली.

अरुणा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आधी हे दोघं धापा टाकायचे आणि आपण वाट बघायचो."

"मग आता बघू द्या त्यांना वाट," सुनेत्रा म्हणाली, आणि दोघी मजेत एका दगडावर बसल्या. वरून राजनच्या गडगडाटी हसण्याचा आवाज आला.