नॉर्मलचा कागद

अनुपमा एमबीबीएस झाली तेव्हा दुसरबीडच्या बसस्टँडवर फ्लेक्स लागला. एमडी झाली तेव्हा पुन्हा लागला. फोटो तोच, खालची अक्षरं बदललेली. हृदयरोगात डीएम झाली तेव्हा फ्लेक्सवर तिच्यापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. आणि त्यानंतरही ती पुण्याला फेलोशिप करते आहे असं कळल्यावर मात्र गावाचा धीर सुटला.

"अजून शिकूनच राह्यली?" अर्जुनरावांनी भर पारावर पंजाबरावांना विचारलं. "म्हणजे मधात कुठं नापास झाली का?"

पंजाबराव तिचे सख्खे काका. तिचे वडील लवकर गेले, शिक्षण काकांनी केलं. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. न बोलता दाखवायची त्यांची पद्धत जास्त लागू पडायची.

फेलोशिप होती इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीतल्या वरच्या शिक्षणाची, आणि तिच्यात संशोधन सक्तीचं होतं. अनुपमानं विषय घेतला तो आपल्याच तालुक्यातल्या पोरींचा. लहानपणी घसा दुखतो, ताप येतो, सांधे धरतात. ताप निघून जातो, पण जाताना एखादीच्या हृदयाची झडप चिकटवून जातो. पुढं कितीतरी वर्षं कळत नाही. कळतं ते पहिल्या बाळंतपणात, अंगावर दुप्पट भार आला की, आणि तेव्हा कधी कधी उशीर झालेला असतो. अशा पोरी आधीच हुडकायच्या, असं ते संशोधन. हेतूत खोट काढायला जागा नाही.

शाळेच्या हॉलमध्ये शिबिर लागलं. यंत्र चालवायला बुलढाण्याची मुबीना आली. पडदे लागले, पेढेसुद्धा आले. पोरी आल्या नाहीत. लग्नाच्या वयाची पोरगी हृदयाच्या मशीनखाली झोपली, ही बातमी धाड गावापर्यंत पोचायला आमच्याकडे एक काळी-पिवळी जीप पुरते. पहिल्या दिवशी पंजाबरावांची धाकटी, वंदना, तेवढी पलंगावर झोपली, तेही बाकीच्यांना दाखवायला की दुखत नाही. अनुपमानं स्वतः तिची तपासणी केली. डाव्या कप्प्यात एक बारीक धागा आडवा गेलेला दिसला. असा धागा पुष्कळांना असतो, त्यानं बिघडत काही नाही.

"वंदे, तुझ्या हृदयात कोणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे," अनुपमा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

संध्याकाळी पंजाबरावांनी पुतणीला समजावलं. "पोरगी आणून बापाले काय भेटते? तू रोग शोधून राह्यली. रोग कोणाले पाहिजे व माय? तू नॉर्मल दे. ज्याईचं चांगलं निघन त्याईले नॉर्मलचा कागद दे, शिक्क्याचा. मंग पाह्य."

संशोधनाचा नियम असा होता की असला कागद कुणाच्या हाती द्यायचा नाही. जिच्यात दोष दिसेल तिला बोलावून सांगायचं, पुढचा उपचार लावून द्यायचा, संपलं. अनुपमाला हा नियम पाठ होता. पण रिकाम्या खुर्च्याही तिला दिसत होत्या, आणि पुण्याला तोंडही दाखवायचं होतं. तिनं कागद काढले. वर संस्थेचं चिन्ह, खाली तिची सही.

दुसऱ्या दिवशी रांग हॉलच्या बाहेर गेली. आया पोरींना घेऊन आल्या, केस विंचरून, जणू फोटो काढायचा आहे. आठवड्याभरात दुसरबीडच्या बायोडाट्यांत नवी ओळ आली: कुळी, देवक, उंची, शिक्षण, आणि त्याखाली 'हृदय : नॉर्मल'. पोरी तोंडाला स्कार्फ बांधून येत, पडद्याआड झोपत, मुबीना चित्रं काढी. अनुपमा दुसऱ्या टेबलावर आयांकडून माहिती भरून घेई आणि संध्याकाळी चित्रं भराभर चाळून सह्या करी. ज्या संध्याकाळी पुष्पांजलीच्या नावाचा कागद समोर आला, तेव्हाही तिनं सही केली. पुष्पांजली ही पंजाबरावांची थोरली. लहानपणी तिचे गुडघे सुजायचे, हे अनुपमाला ठाऊक होतं. तिला तीन-तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायला लावलं होतं तेही अनुपमानंच, एमबीबीएसला असताना. तिचं हृदय इतकं स्वच्छ निघालं याचं डॉक्टरला नवल वाटायला हवं होतं. बहिणीला नुसतं बरं वाटलं.

पुण्यात सर खूश झाले. "तुमच्या तालुक्यात हा आजार जवळजवळ नाहीच? छान पेपर होईल." अनुपमा दिवसभर हवेत होती.

मग ती चित्रांवरची मापं मोजायला बसली. मोजताना नावं दिसत नाहीत, नुसते क्रमांक. वाचणाऱ्याचं मन कुठं झुकू नये म्हणून तशी रीतच आहे. एका क्रमांकात आडवा धागा दिसला. बरं. पुढं आणखी एकात. तीच जागा, तोच तिरकेपणा. तिसऱ्यात दिसला तेव्हा तिनं हातातला कप खाली ठेवला. चौथ्यात दिसला तेव्हा तिला ती दोरी ओळखू आली, आणि दोरी बांधलेली पोरगीही. एकच हृदय चार नावांनी येऊन गेलं होतं. तिनं नावं उघडली. पहिली वंदना. मग चढावरच्या कडूबाची पोरगी महामाया. मग मागच्या गल्लीतली एक. आणि पुष्पांजली.

सोपा रस्ता होता. त्या क्रमांकांसमोर 'चित्र अस्पष्ट' लिहायचं. तेवढे वगळायला परवानगी असते. तिनं तसं लिहिलं. मग खोडलं. इथं तिचं कौतुक करायला हरकत नाही, पण बेतानं, कारण लिहिणं आणि खोडणं यांच्यामध्ये तिनं पेपर कुठं छापायला पाठवायचा ते पाहून घेतलं होतं.

पुष्पांजलीची सोयरीक धाडच्या राजकुमारशी जुळली होती. त्या शनिवारी धाडचे लोक तारीख काढायला येणार होते. सकाळीच अनुपमा पिशवीत छोटं यंत्र घेऊन दुसरबीडला उतरली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. कोकिळाकाकू पुऱ्या लाटत होत्या, वंदना तळत होती.

"काकू, पुष्पाच्या जागी वंदना झोपली होती ना?"

काकूंचं लाटणं थांबलं नाही. "हळू बोल. झोपली. मंग? एकाच मायच्या पोटच्या. एकीचं चांगलं हाय त दुसरीचं काऊन वाईट असन?"

"आणि महामायाच्या जागी?"

"ताई, मले काऊन बोलता?" वंदना झाऱ्या हातात घेऊन वळली. "समदे मलेच म्हणत, तुह्यं हृदय पास झालेलं हाय, चाल. कडूबामामाच्या घरी त मले पोहे देले. मले वाटलं पुण्याचं काम हाय, होऊन जाऊ दे."

"आणि पुष्पाची इंजेक्शनं?"

"बंद केली," काकू म्हणाल्या. "सारखी दवाखान्यात जाते हे लोकाईले दिसते. जुळन का मंग?"

"काकू, तिच्या जिवाशी खेळ आहे हा."

तेव्हा लाटणं थांबलं. "अनू, तुह्या कागदाच्या आधी ह्या गावात पोरीचं हृदय कोणी विचारत नव्हतं. रंग विचारत, उंची विचारत, भाकरी येते का विचारत. तू नवा रकाना काढला. ज्या पोरीपाशी कागद नाही तिच्याकडे लोक कसे पाहून राह्यले, ते पुण्यातून दिसलं नाही तुले. मंग म्या काय करायचं होतं?"

अनुपमाच्या विषयाचे जाणकार पुण्यात पुष्कळ होते, पण तिच्या संशोधनाची अशी चिरफाड कुणी केली नव्हती. पुरी करपल्याचा वास आला. कुणीच ती काढली नाही.

आतल्या खोलीत पुष्पांजली साडीच्या निऱ्या घालत होती. अनुपमानं दार लावलं, तिला डाव्या कुशीवर झोपवलं. झडप दारासारखी सताड उघडायला हवी. ही साखळी लावलेल्या दारासारखी फटीपुरती उघडत होती, आणि मागं रक्त तुंबून कप्पा फुगला होता.

"दम लागतो?"

"जिना चढले की. रात्री उशी उंच लागते."

"तुला माहीत होतं ना, वंदना गेली होती ते?"

"हाव."

"मग मला का नाही सांगितलंस?"

पुष्पांजलीनं तिच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. "मले वाटलं तुले मालूम हाय. तुले मालूम नसन असं कसं होईन? तू सही केली, त मी म्हटलं, ताईनं पाह्यलं असन, चालण्यासारखं असन, म्हणूनच केली."

अनुपमानं यंत्र पुसलं. पुसून झालेलं पुन्हा पुसलं.

अंगणात तिनं काकांना सगळं सांगितलं. पंजाबरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं, पुन्हा घातलं. "मशीन खराब होतं म्हण," ते म्हणाले. "कोणाचं नाव नको घेऊ. ना वंदनाचं, ना तुह्या काकूचं." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, "तुह्या शिक्षणात म्या कधी कमी पडू देलं का?"

बस्स. इतक्या वर्षांचं एका वाक्यात वसूल झालं.

दुपारी धाडची मंडळी आली. राजकुमार, त्याची आई जनकाबाई, आणि पंचांग घेतलेले एक मामा. खताचं दुकान चालवणारा राजकुमार गडी दिसायला सरळ. दारात शेजारणी उभ्या, भिंतीला टेकून आम्ही चार-पाच जण. तारखेचा विषय निघायच्या आत अनुपमा उभी राहिली.

"शिबिराच्या वेळी मशीनमध्ये बिघाड होता," ती म्हणाली. आवाज डॉक्टरचा होता, मान मात्र खाली होती. "पुष्पाची तपासणी मी आज पुन्हा केली. तिची एक झडप अरुंद आहे. मांडीतून नळी घालून, बलूननं ती उघडता येते. ते आधी करू. लग्न मागाहून करता येईल."

जनकाबाईंनी चहाची बशी खाली ठेवली. "मशीन खराब होतं म्हणता? मंग ह्या गावच्या समद्या पोरींचे कागद खराबच म्हणा की. माह्या नंदेनं इथलीच पोरगी केली, कागद पाहून."

दारातल्या बायकांत एकदम कुजबूज उठली. ज्यांच्या पोरी खरोखर निरोगी होत्या त्यांची तोंडं आधी बदलली. अनुपमानं ते पाहिलं. एक खोटं झाकायला तिनं दुसरं पांघरलं होतं, आणि ते पुन्हा पोरींच्याच अंगावर पडलं होतं. तरीही ती बोलली नाही. काका समोर बसले होते.

"मशीन चांगलं होतं."

पुष्पांजली आतल्या दारात आली होती. पाहुण्यांसमोर बोलावल्याशिवाय पोरीनं येऊ नये, हे तिला शिकवलेलं होतं.

"मशीन चांगलंच होतं. माह्या जागेवर माही बहीण झोपली होती. जी पोरगी सोता झोपली तिचा कागद खरा हाय, माहा खोटा हाय."

"पुष्पे!" काकू आतून ओरडल्या.

"मी खोट्यानं आले असते तुमच्या घरी," पुष्पांजली जनकाबाईंना म्हणाली, "आन पहिल्याच बाळंतपणात मेले असते, त तुम्ही म्हटलं असतं, पोरीचं नशीब. म्हणून सांगितलं."

पंचांगवाले मामा पंचांगाकडे पाहत राहिले, जणू त्यात ह्यावर काही लिहिलेलं असेल. राजकुमारनं अनुपमाला विचारलं, "ते बलून केल्यावर माणूस कितीक दिवसानं उठते?" पण जनकाबाईंनी त्याच्या खांद्याला हात लावला आणि तो उठला. "निरोप देतो," मामा म्हणाले. आमच्याकडे निरोप देतो म्हणजे काय, ते पोरासोरांनाही कळतं. पुऱ्या तशाच राहिल्या.

गाडी गेल्यावर पंजाबराव बाजेवर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. शेजारणी एकेक करून घरी गेल्या, आणि आज त्यांच्या चपलांचासुद्धा आवाज नव्हता. अनुपमानं ओसरीतूनच सरांना फोन लावला. दुसरबीडचं सगळं शिबिर बाद धरा म्हणाली, आणि का ते न लपवता सांगितलं. कागदाचंही सांगितलं. मग सर म्हणाले की फेलोशिप पुढं ढकलावी लागेल, आणि समितीपुढं उभं राहावं लागेल. ती "हो" म्हणाली. नंतर दुसऱ्यांदा "हो" म्हणाली, ते कशाला ते आम्हाला ऐकू आलं नाही.

आता तपासायच्या राहिल्या महामाया आणि मागच्या गल्लीतली ती. अनुपमानं यंत्राची पिशवी खांद्याला लावली, चप्पल घातली.

"तू नको जाऊ," पुष्पांजली म्हणाली. ती अजून पाहुण्यांसाठी नेसलेल्या साडीतच होती. "तुले पाहून दार लावून घेतीन. तू आत बैस. मी आणते त्याईले."

"तुला दम लागेल. चढ आहे."

"लागू दे."

अनुपमाला आणखी काही म्हणायचं होतं. हळू जा, मध्ये थांब, एवढं तरी. पण हे सांगायचा हक्क आपल्याला कुठं राहिला, असं तोंड करून ती दारामागं सरकली. खिडकीतून तिनं पाहिलं आणि ओट्यावरून आम्हीही पाहिलं, दुसरीकडे पाहिल्यासारखं करून. पुष्पांजली गल्लीच्या चढावर निम्म्यात थांबली. पदरानं तोंड पुसलं. पुन्हा निघाली. कडूबाच्या पायऱ्यांशी पोचली तेव्हा तिला खांब धरावा लागला.

कडूबाची बायको बाहेर आली. "काऊन व? तुह्या घरी त पाहुणे होते ना?"

पुष्पांजलीला श्वासामुळं बोलता येईना. तिनं आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, आणि मग तोच हात आत, महामायाकडे केला.