बाळंतिणीचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना, चितारलेला वाडगा आहे, बाळंतिणीला कढण पाजायचा. इटलीतल्या आमच्या कास्तेल दुरान्ते गावात मूल झाले की असा वाडगा द्यायची रीत होती. गास्पारे कुंभाराने मला नदीच्या मातीतून घडवले. चित्र काढायला त्याच्यापाशी एक छापील कागद होता, वरून फाटलेला. त्यात मांडीभर मुले घेऊन बसलेली एक राणी होती. बाळंतिणीसाठी याहून चांगले चित्र कोणते, असे त्याला वाटले. त्याने ते निळ्या-पिवळ्या रंगांत माझ्या पोटात उतरवले. मी भट्टीतून निघालो तेव्हा तो फुशारकीने म्हणाला, "घासा किती घासायचं ते! हा रंग जन्मात जायचा नाही."

ओर्सिनाची आधीची दोन्ही मुले पाळण्यातच गेली होती. वान्ना जन्मली तेव्हा ओर्सिनाच्या नवऱ्याने, बाल्दोने, मला घरी आणले. कोंबडीचे कढण संपत आले की तळाची राणी दिसू लागे. "बघ गं वान्ना, हिचं घर कसं भरलंय!" ओर्सिना म्हणायची. तिच्या हातांत मी फार सुखी होतो.

मग बाल्दोचे पाद्रीकाका बाळाला बघायला आले. शिकलेला माणूस. ओर्सिना कढण पीत होती, दोन घोट उरले होते. काकांनी माझ्यात डोकावले आणि कपाळाला हात लावला.

"अरे बाल्दो, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ही ग्रीक पुराणातली निओबे! मुलांचा तोरा मिरवला म्हणून देवांनी हिचं एकेक लेकरू बाणांनी मारलं."

"काका, हळू बोला ना!"

बाण मारणारे देव कागदाच्या फाटक्या भागात राहिले होते. ओर्सिनाने मला खाली ठेवले. ते दोन घोट ती प्यायलीच नाही.

त्याच आठवड्यात वान्नाला ताप भरला. ओर्सिना अंथरुणातून उठली, चुलीतली राख घेतली आणि मला घासू लागली. "पुसून टाकते सगळ्यांना. दिसलीच नाहीत तर बाण कुठं मारतील?" तिची बोटे सोलून निघाली. मित्रांनो, जाता आले असते तर मी त्या राखेबरोबर निघून गेलो असतो. रंग हलला नाही. वान्ना गेली.

ताप माझ्यामुळे आला नव्हता. पण हे ओर्सिनाला कोणी सांगितले नाही, आणि मला वाचा नव्हती.

आता मी फडताळात भिंतीकडे तोंड करून उभा आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मला फोडले असते तर बरे झाले असते. एवढेच मागतो, कोणी वाडगा तोंडाला लावला असेल, तर तो रिकामा होईपर्यंत आपले शहाणपण दाराबाहेर ठेवा. त्या घरात पुन्हा पाळणा हलला नाही. माझ्या पोटातली मुले मात्र अजून आईच्या मांडीवर हसत आहेत.